आगंतुक यंत्रे आणि जुनी खाती

एखादे ग्रंथालय, अभ्यासमंडळ किंवा संशोधनपर नियतकालिक आपल्या सभासदांची नोंदवही संगणकावर ठेवू लागले आणि ती महाजालावर सर्वांस खुली केली, म्हणजे थोड्याच दिवसांत तिच्या व्यवस्थापकास एक चमत्कारिक अनुभव येतो. ज्या संस्थेकडे महिन्याकाठी चार-पाच नवे अर्ज यावयाचे, तिच्याकडे एका रात्रीत शंभर अर्ज येतात. अर्जदारांची नावे अर्थशून्य असतात, आणि माहितीच्या रकान्यात औषधांच्या वा जुगाराच्या जाहिराती भरलेल्या असतात. हे अर्ज माणसांनी केलेले नसतात. अर्जाचा नमुना शोधून तो आपोआप भरणाऱ्या आज्ञावलींनी ते केलेले असतात. अशा आज्ञावलीस 'बॉट' आणि तिने पसरलेल्या केरकचऱ्यास 'स्पॅम' ही नावे आता रूढ झाली आहेत.

या उपद्रवातून व्यवस्थापकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. दाराशी आलेला नवा अर्जदार मनुष्य आहे काय, हा पहिला. आणि जुन्या सभासदाचे नाव सांगून आत येणारा खरोखर तोच सभासद आहे काय, हा दुसरा. पहिल्यास उपद्रवाचा प्रश्न व दुसऱ्यास सुरक्षिततेचा प्रश्न म्हणण्याची, आणि दोहोंचे उपाय वेगवेगळे योजण्याची रीत आहे. प्रस्तुत लेखात असे दाखवावयाचे आहे की, हे दोन प्रश्न वस्तुतः एकाच प्रश्नाची दोन अंगे आहेत. नव्या अर्जदारासाठी दार जितके घट्ट लावावे, तितके आत असलेल्या जुन्या खात्याचे मोल वाढते. आणि ज्या यंत्रास नवा म्हणून येता येत नाही, ते जुना म्हणून येऊ पाहते.

१. उपद्रवाचे अर्थकारण

स्पॅम हे मूळचे डबाबंद मांसाच्या एका अमेरिकन उत्पादनाचे नाव. १९७० साली 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी मंडळीने दूरचित्रवाणीवर सादर केलेल्या एका प्रवेशात उपाहारगृहातील प्रत्येक पदार्थात हेच मांस असते, आणि त्या शब्दाच्या घोषात इतर संभाषण बुडून जाते. नको असलेल्या मजकुराने हवे ते संभाषण बुडणे, हा अर्थ तेथून या शब्दास चिकटला. गोष्ट मात्र शब्दापेक्षा आधी घडली. मे १९७८ मध्ये अमेरिकेतील एका संगणक-उत्पादक कंपनीच्या विक्री-अधिकाऱ्याने आर्पानेटवरील सुमारे चारशे जणांस आपल्या नव्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण एकाच वेळी धाडले. पुढे एप्रिल १९९४ मध्ये अॅरिझोनातील दोन वकिलांनी अमेरिकेच्या स्थलांतर-सोडतीसंबंधीची आपली जाहिरात यूजनेटवरील पाच हजारांहून अधिक चर्चागटांत एका लहानशा आज्ञावलीच्या साहाय्याने टाकली. पहिल्या प्रसंगी पत्ते माणसांनी हाताने भरले होते. दुसऱ्या प्रसंगी ते काम यंत्राने केले. या सोळा वर्षांतील खरा बदल तो हाच.

यंत्राने काम केले म्हणजे संदेशामागील खर्च जवळजवळ शून्यावर येतो. मग यशाचे प्रमाण किती अल्प असले तरी धंदा परवडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली याचे प्रत्यक्ष मापन प्रसिद्ध केले. स्पॅम पसरविणाऱ्या एका मोठ्या यंत्रजाळ्यात शिरकाव करून त्यांनी औषधविक्रीच्या सुमारे ३५ कोटी संदेशांचा मागोवा घेतला. त्यांतून खरेदीपर्यंत पोहोचलेले लोक होते अवघे २८. म्हणजे सव्वा कोटी संदेशांमागे एक गिऱ्हाईक. तरीही हा उद्योग चालतो, कारण सव्वा कोटी संदेशांचा खर्च एका गिऱ्हाइकाच्या किमतीपेक्षा कमी पडतो.

या एका आकड्यात पुढील सर्व विवेचनाचे बीज आहे. आपला प्रतिपक्ष आपला वैरी नाही. त्याला आपले नावही ठाऊक नसते. तो एक हिशेबी व्यापारी आहे. त्याचा खर्च थोडा वाढला की तो पुढच्या दाराशी जातो. म्हणून संरक्षणाचा अर्थ अभेद्य तट बांधणे असा नाही. प्रामाणिक माणसाचा खर्च न वाढविता यंत्राचा खर्च वाढविणे, हा त्याचा अर्थ होय. सिंथिया ड्वर्क व मोनी नाओर यांनी १९९२ सालीच ही कल्पना शास्त्रीय स्वरूपात मांडली होती. प्रत्येक संदेशामागे पाठविणाऱ्याच्या संगणकास थोडे गणित करावयास लावावे. एका पत्रास ते जाणवणार नाही, लाखोंना मात्र जाणवेल, असा त्यांचा विचार होता. परंतु २००४ मध्ये बेन लॉरी व रिचर्ड क्लेटन यांनी हिशेब मांडून दाखविले की, स्पॅम पसरविणारे दुसऱ्यांचे बळकावलेले संगणक वापरीत असल्यामुळे हा खर्च त्यांच्यावर पडतच नाही. त्यांना अडवील इतके कठीण गणित घातले, तर प्रामाणिक माणसेही अडतात. खर्च वाढविणे पुरेसे नाही. तो कोणावर पडतो हे पाहणे अगत्याचे आहे.

२. मनुष्य की यंत्र?

यंत्र विचार करू शकते काय, या प्रश्नाऐवजी यंत्राची उत्तरे माणसाच्या उत्तरांपासून वेगळी ओळखता येतात काय, असा प्रश्न अॅलन ट्युरिंग यांनी १९५० साली 'माइंड' या त्रैमासिकात विचारला. त्या परीक्षेत परीक्षक मनुष्य होता. आपल्या प्रश्नात परीक्षकच यंत्र असते, आणि माणसाने आपण मनुष्य असल्याचे त्या यंत्रापुढे सिद्ध करावयाचे असते. १९९७ च्या सुमारास अल्टाव्हिस्टा या शोधयंत्राच्या सूचीत आपोआप पत्ते भरणाऱ्या आज्ञावलींचा सुळसुळाट झाला, तेव्हा आंद्रेई ब्रोडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अक्षरांची वेडीवाकडी चित्रे दाखवून ती ओळखावयास सांगण्याची युक्ती काढली. त्या काळी अक्षरवाचक यंत्रांना अशी चित्रे वाचता येत नसत. २००० साली कार्नेगी मेलन विद्यापीठातील लुइस फॉन आन, मॅन्युएल ब्लम प्रभृतींनी या वर्गातील परीक्षांना 'कॅप्चा' हे नाव दिले.

ही परीक्षा तीन दिशांनी ढासळली. पहिली दिशा यंत्राच्या प्रगतीची. २०१४ मध्ये गूगलने स्वतःच जाहीर केले की, सर्वांत कठीण वेडीवाकडी अक्षरेही आपले यंत्र ९९.८ टक्के अचूकतेने वाचते. दुसरी दिशा बाजाराची. २०१० मधील एका अभ्यासानुसार, कमी मजुरीच्या देशांतील माणसे बसवून कॅप्चा सोडवून देणाऱ्या पेढ्या हजार चित्रांमागे एका डॉलरच्या आसपास दर आकारीत होत्या. तेथे परीक्षा मनुष्यच उत्तीर्ण होत होता, परंतु तो यंत्राच्या चाकरीत होता. परीक्षेचा प्रश्नच चुकीचा ठरला. उपद्रव देणारा मनुष्य आहे की नाही, याने आपल्याला काय फरक पडतो?

तिसरी दिशा न्यायाची आहे, आणि ती बहुधा दुर्लक्षित राहते. अंध वाचकास चित्र दिसत नाही. जागतिक वेब संघाच्या २००५ सालच्या टिपणात या अडचणीची सविस्तर चर्चा झाली आहे. परंतु मराठी वाचकाची अडचण त्याहून साधी आहे. ज्याचे शिक्षण मराठीतून झाले आणि रोमन लिपीशी ज्याचा संबंध बेताचाच आला, अशा ग्रामीण शिक्षकास वेडीवाकडी केलेली रोमन अक्षरे ओळखणे यंत्राहून कठीण जाते. मनुष्यत्वाची परीक्षा म्हणून जी योजली, ती प्रत्यक्षात एका लिपीच्या सरावाची परीक्षा झाली.

शिवाय एक सांख्यिकीय अडचण आहे. समजा, एका लहान संस्थेकडे एका महिन्यात एक हजार अर्ज आले. त्यांतील दहा माणसांचे आणि ९९० यंत्रांचे आहेत. परीक्षा शंभरांपैकी ९९ यंत्रांना अडविते, आणि दहांपैकी एका माणसास चुकून अडविते. आत कोण आले? यंत्रे सुमारे दहा, माणसे नऊ. परीक्षा ९९ टक्के कार्यक्षम असूनही नव्या सभासदांत निम्म्याहून अधिक यंत्रेच निघाली, आणि एक खरा माणूस परत गेला तो वेगळाच. मूळ समूहात यंत्रांचे प्रमाण प्रचंड असले, म्हणजे कोणतीही एकच चाळणी पुरी पडत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

३. स्वतःचा प्रश्न आणि त्याची मर्यादा

लहान संस्थांस दीर्घकाळ उपयोगी पडलेला एक उपाय अगदी साधा होता. अर्जात आपल्या संस्थेपुरता एक प्रश्न घालावयाचा: पंढरपूर कोणत्या नदीच्या तीरावर आहे, किंवा 'आषाढ' या महिन्यानंतर कोणता महिना येतो, आणि उत्तर देवनागरीत मागावयाचे. प्रश्न कठीण नसे. तरीही यंत्रे अडत, कारण यंत्राचा मालक लक्षावधी दारांना चालणारी एकच किल्ली वापरीत असे. एकट्या दारासाठी वेगळी किल्ली घडविणे त्याला परवडत नसे. या उपायाचे बळ प्रश्नाच्या काठिण्यात नसून त्याच्या एकटेपणात होते. अर्जात माणसास न दिसणारा एक रिकामा रकाना ठेवणे, आणि तो भरून येणारा अर्ज बाजूस काढणे, ही युक्तीही याच जातीची.

२०२२ च्या अखेरीपासून मोठ्या भाषा-प्रतिमानांचा वापर सार्वत्रिक झाल्यावर हे बळ ओसरू लागले आहे. अशा प्रतिमानाला पंढरपूरची नदी ठाऊक असते, उत्तर देवनागरीत कसे लिहावे हेही ठाऊक असते. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक दारासाठी वेगळी किल्ली घडविण्याचा खर्च त्याने नाममात्र केला आहे. हा उपाय अगदी टाकाऊ झाला असे नव्हे. जुनी व स्वस्त यंत्रे अजूनही संख्येने पुष्कळ आहेत, आणि ती त्यावर अडतात. परंतु केवळ त्यावर विसंबून राहण्याचे दिवस संपले.

४. मजकुराची गाळणी आणि देवनागरी

अर्जदार कोण हे सांगता येत नसेल, तर तो काय लिहितो ते पाहावे, हा दुसरा मार्ग. टॉमस बेज यांचा संभाव्यतेवरील निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील सिद्धान्ताचा उपयोग स्पॅम ओळखण्यासाठी १९९८ च्या सुमारास होऊ लागला, आणि पॉल ग्रॅहम यांच्या २००२ मधील लेखाने तो लोकप्रिय केला. पद्धती थोडक्यात अशी: पूर्वीचे चांगले व वाईट संदेश वेगळे करून प्रत्येक शब्द कोणत्या ढिगात किती वेळा येतो ते मोजावयाचे. नवा संदेश आला की त्यातील शब्दांच्या साक्षी एकत्र करून तो कोणत्या ढिगातील असण्याचा संभव अधिक, ते ठरवावयाचे.

या पद्धतीत शब्द म्हणजे काय, हे यंत्रास आधी कळावे लागते. आणि देवनागरीसाठी घोटाळा येथेच होतो. उदाहरणार्थ, पायथॉन या भाषेच्या नेहमीच्या साधनात 'शब्दातील अक्षर' ओळखण्याची जी खूण आहे, तीत देवनागरीची मुळाक्षरे येतात. परंतु काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि पायमोड यांची चिन्हे येत नाहीत. त्यामुळे 'विद्यापीठ' हा एक शब्द यंत्रास व, द, य, प, ठ असे पाच तुकडे भासतो. अशा गाळणीपुढे सारे मराठी लेखन सुट्या व्यंजनांचा कचरा ठरते. मग चांगल्या-वाईटाची निवड करण्यास तिच्याजवळ आधारच उरत नाही. ज्या ढिगावर गाळणीस शिकविले, त्यात मराठी मजकूर मुळीच नसेल, तर निर्दोष मराठी पत्रही 'अपरिचित म्हणून संशयास्पद' ठरण्याची भीती असते. म्हणून मराठी संस्थेने तयार गाळणी आणली, तरी ती मराठी शब्द कसे तोडते हे प्रथम तपासावे, आणि आपल्याच मजकुरावर तिला शिकवावे.

५. परवलीच्या शब्दाची कथा

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. आत येणारा जुना सभासद तोच आहे, हे ठरविण्याचे सर्वांत रूढ साधन म्हणजे परवलीचा शब्द, अर्थात पासवर्ड. एक संगणक अनेकांनी वाटून घेण्याची पद्धती मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत सुरू झाली, तेव्हा प्रत्येकाच्या फायली त्याच्यापुरत्या राहाव्यात म्हणून हा शब्द योजण्यात आला. सर्वांचे शब्द एकाच फायलीत उघडे लिहिलेले असत. त्याच दशकात एके दिवशी दोन फायलींची अदलाबदल होऊन, संगणकावर बसणाऱ्या प्रत्येकास स्वागताच्या संदेशाऐवजी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच छापून मिळाली. त्या पद्धतीचे जनक फर्नांडो कोर्बातो यांनी ही हकीकत पुढे ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात स्वतः सांगितली आहे.

या दोषावरील उपाय केंब्रिजमध्ये निघाला. रॉजर नीडम यांची कल्पना मॉरिस विल्क्स यांनी १९६८ मधील आपल्या पुस्तकात नोंदविली. परवलीचा शब्द जसाच्या तसा न ठेवता त्याचे असे रूपांतर ठेवावे की, शब्दावरून रूपांतर सहज काढता यावे, परंतु रूपांतरावरून शब्द काढता येऊ नये. यास आज 'हॅश' म्हणतात. पुढे १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन यांनी यूनिक्स पद्धतीवरील आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांनी निवडलेले ३,२८९ परवलीचे शब्द गोळा करून तपासले, तेव्हा त्यांतील ८६ टक्के शब्द अतिशय आखूड, केवळ लहान लिपीतील, किंवा शब्दकोशात व नावांच्या यादीत सापडणारे निघाले. रूपांतर उलटे करता न आले तरी काय झाले? शब्दकोशातील एकेक शब्द घेऊन त्याचे रूपांतर करावे आणि चोरलेल्या यादीशी ताडून पाहावे, इतके पुरे होते. यावर त्यांनी दोन तोडगे सांगितले. रूपांतर मुद्दाम सावकाश चालणारे असावे. आणि प्रत्येक शब्दात आधी एक यादृच्छिक अंश मिसळावा, म्हणजे एकच शब्द निवडलेल्या दोघांची रूपांतरेही भिन्न होतील. या अंशास त्यांनी 'सॉल्ट' म्हणजे मीठ असे नाव दिले.

नऊ वर्षांनी, २ नोव्हेंबर १९८८ रोजी, याच मॉरिस यांच्या मुलाने सोडलेली एक आज्ञावली हजारो संगणकांत पसरली. इतर छिद्रांबरोबरच ती परवलीचे शब्दही ताडून पाही. प्रथम सभासदाचे स्वतःचे नाव, मग ते उलट क्रमाने, मग तिच्यातच साठविलेले ४३२ शब्द, आणि शेवटी संगणकावरचा शब्दकोश. पित्याने निबंधात वर्णिलेला दोष पुत्राच्या आज्ञावलीने प्रत्यक्षात दाखवून दिला.

सावकाश रूपांतराचे महत्त्व एका हिशेबाने पटेल. इंग्रजीची आठ लहान अक्षरे घेतली, तर संभाव्य शब्द सुमारे २०,८८३ कोटी होतात. चोराच्या हाती रूपांतरांची यादी आहे आणि रूपांतर जलद असल्यामुळे तो सेकंदास एक हजार कोटी शब्द ताडून पाहू शकतो असे समजा. सारे शब्द २१ सेकंदांत संपतात. रूपांतर सावकाश असून त्याला सेकंदास केवळ दहा हजारच ताडता आले, तर त्याच कामास सुमारे आठ महिने लागतील. आणि यादी हाती नसून दाराशी उभे राहून तासास दहाच प्रयत्न करता आले, तर सुमारे चोवीस लाख वर्षे लागतील. नील्स प्रोव्होस व डेव्हिड माझिएर यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या 'बीक्रिप्ट' या पद्धतीत हा सावकाशपणा संगणकांच्या वाढत्या वेगाबरोबर वाढविता येतो. तत्त्व तेच: प्रामाणिक सभासदास निमिषभर, चोरास महिनोन्‌महिने.

मात्र या साऱ्या हिशेबास एक वाट चुकविते. डिसेंबर २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे ३ कोटी २० लाख परवलीचे शब्द चोरीस गेले. ते उघडेच साठविलेले होते. त्यांतील सुमारे २ लाख ९० हजार लोकांनी '१२३४५६' हाच शब्द निवडला होता. अशा याद्या आता यंत्रांच्या शिदोरीत असतात. एका ठिकाणी चोरीस गेलेले नाव व शब्द घेऊन यंत्र हजार दारांवर तीच जोडी लावून पाहते. ज्या सभासदाने दोन ठिकाणी एकच शब्द वापरला, त्याचे खाते पहिल्याच प्रयत्नात उघडते. आपण कितीही चांगले मीठ घातले, तरी या वाटेवर त्याचा उपयोग नाही.

येथे लेखाच्या आरंभीचे दोन प्रश्न एकत्र येतात. नव्या अर्जावर सहा चाळण्या लावलेल्या संस्थेत पाच वर्षांपूर्वीचे, कोणी न वापरलेले एक खाते पडून असते. त्यावर कोणतीच चाळणी नाही, कारण ते 'आपले' आहे. यंत्राच्या दृष्टीने याहून स्वस्त दार दुसरे नाही.

६. सारख्या दिसणाऱ्या नावांचा धोका

खाते न चोरताही ओळख चोरता येते. त्यासाठी जुन्या सभासदाच्या नावासारखे दिसणारे नवे नाव पुरते. रोमन व रशियन लिपींतील काही अक्षरे हुबेहूब सारखी दिसतात, हे बहुश्रुत आहे. मराठीत तोच धोका एकाच लिपीत आहे. 'कऱ्हाडकर' या नावातील अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिता येतो: 'ऱ' या स्वतंत्र अक्षरास पायमोडीचे चिन्ह जोडून, किंवा साध्या 'र'ला पायमोडीचे चिन्ह व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्यांस दोन्ही रूपे एकच दिसतात. यंत्रास ती दोन भिन्न नावे वाटतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही ती एक होत नाहीत. एकाच दिसण्याची दोन खाती नांदू लागली, तर कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा? शिवाय निष्पाप सभासदच आपले नाव एका संगणकावर एका रीतीने व दुसऱ्यावर दुसऱ्या रीतीने लिहितो, आणि यंत्र त्यालाच ओळख देत नाही. म्हणून नाव नोंदविताना अशी पर्यायी रूपे एकाच रूपात आणावीत, आणि त्या एकरूपावरून तुलना करावी. लिहिण्याच्या रीतीत एवढाच फरक असलेले दुसरे नाव स्वीकारू नये.

७. काय करावे?

लहान संस्थेच्या आवाक्यातील उपाय वरील विवेचनातून आपोआप निघतात. पहिला उपाय, विश्वास हप्त्याहप्त्याने द्यावा. नव्या सभासदास वाचण्याची मुभा प्रथम दिवसापासून असावी. दुवे देण्याची, इतरांस पत्र धाडण्याची मुभा काही काळानंतर व काही कामानंतर मिळावी. पूर्वी ग्रंथालयाच्या सभासदत्वासाठी ओळखीच्या सभासदाची सही लागे. तीच शिफारशीची रीत आजही उपयोगी आहे. कारण यंत्रास भाषा अवगत झाली, तरी ज्याला चारजण ओळखतात असा माणूस निर्माण करणे अद्याप खर्चाचे आहे. एका सभासदाने किती शिफारशी द्याव्यात, यास मात्र मर्यादा हवी.

दुसरा उपाय, प्रयत्नांची गती रोखावी, परंतु खाते बंद करू नये. पाच चुकांनंतर खाते बंद होत असेल, तर कोणीही मुद्दाम पाच चुका करून प्रामाणिक सभासदास बाहेर ठेवू शकेल. त्याऐवजी प्रत्येक चुकीनंतरचा विलंब वाढत जावा. मोजणी खात्यागणिक करावी, तशीच प्रयत्न जेथून येतात त्या ठिकाणागणिकही करावी. नाहीतर यंत्र हजार खात्यांवर एकेकच प्रयत्न करून निसटते. नाव चुकले की शब्द चुकला, हेही सांगू नये. तेवढ्यावरून सभासदांची यादी तयार होते.

तिसरा उपाय परवलीच्या शब्दासंबंधीचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ मध्ये आपल्या पूर्वीच्या धोरणात मोठा बदल केला. ठरावीक मुदतीने शब्द बदलावयास लावू नये, आकडा व चिन्ह घालण्याची सक्ती करू नये. लांबी वाढवू द्यावी आणि निवडलेला शब्द चोरीस गेलेल्या याद्यांत नाही ना, हे तपासावे. सक्तीमुळे लोक शब्दाच्या शेवटी एक आकडा वाढवीत जातात, हे त्यामागील कारण होय.

चौथा उपाय, दुसरी साक्ष मागावी. भारतीय वाचकास ही कल्पना परिचयाची आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ ऑगस्ट २००९ पासून महाजालावर कार्डाने पैसे देताना कार्डावर नसलेली एक अधिक खूण देणे अनिवार्य झाले, आणि त्यातून 'ओटीपी' हा शब्द घरोघरी पोहोचला. २०११ मध्ये प्रमाणित झालेल्या पद्धतीत हा सांकेतिक आकडा सभासदाच्या फोनवरच, गुप्त बीज व घड्याळाची वेळ यांवरून सामान्यतः दर तीस सेकंदांनी नवा तयार होतो. संदेश धाडण्याचा खर्च पडत नाही. मात्र फसव्या पानावर माणूस हा आकडाही टाकून मोकळा होतो. २०२२ पासून मोठ्या कंपन्यांनी पुरस्कारिलेल्या 'पासकी' पद्धतीत फोनच पानाचा खरा पत्ता तपासून सही करतो, म्हणून हा दोष राहत नाही. सर्वांस सक्ती शक्य नसेल, तर निदान व्यवस्थापकांच्या खात्यांस दुसरी साक्ष असलीच पाहिजे.

पाचवा उपाय जुन्या खात्यांसंबंधीचा, आणि तो सर्वांत उपेक्षित आहे. वर्षभर न वापरलेल्या खात्याचे अधिकार नव्या सभासदाइतके कमी करावेत. परत आलेल्या सभासदाने आपल्या पत्त्यावरून एकदा ओळख पटवावी, आणि त्याचे अधिकार पूर्ववत करावेत. जे व्यवस्थापक पद सोडून गेले, त्यांचे अधिकार त्याच दिवशी काढावेत. यात अविश्वास नाही, व्यवस्था आहे. आणि चुकून अडविलेल्या माणसास जिवंत माणसाकडे दाद मागता येईल असा एक पत्ता अर्जाच्या पानावर असावा. ज्याला यंत्राने यंत्र ठरविले, त्याला यंत्रापुढेच तक्रार करावी लागू नये.

मनुष्य की यंत्र, हा प्रश्न दाराशी विचारून निकालात निघेल अशी आशा गेल्या पाव शतकात आपण बाळगली. ती आता सोडावी लागेल. यंत्रे माणसासारखी लिहू लागली आहेत, माणसे यंत्रांच्या चाकरीत कॅप्चा सोडवीत आली आहेत, आणि आपण लावलेल्या प्रत्येक परीक्षेत कोणी ना कोणी प्रामाणिक माणूस नापास होत आला आहे. कोण आहेस, यापेक्षा काय करीत आलास, हा प्रश्न अधिक न्याय्य आहे आणि फसविण्यास अधिक महाग आहे. परंतु तो प्रश्न विचारणारी संस्था आपल्या सभासदांच्या पूर्वचरित्राची राखणदार होते. ज्या खात्यावर वर्षानुवर्षांचा विश्वास साठला, ते सुरक्षित ठेवण्याचे उत्तरदायित्व मग सभासदाइतकेच तिच्यावरही येते.